‘शिक्षण संपले’ म्हणणाऱ्यांना

मराठी मध्यमवर्गीय घरांत काही वाक्ये फार सहजपणे आणि फार अभिमानाने उच्चारली जातात. ‘आमच्या मुलाचं शिक्षण संपलं’ हे त्यांपैकी एक. लग्नाच्या बैठकीत, हळदीकुंकवात, बोरिवली लोकलच्या डब्यात, कुठेही ते कानांवर पडते. आणि ऐकणाराही ‘वा! सुटलात!’ असे म्हणून मोकळा होतो. दुखणे संपावे, कर्ज फिटावे, कोर्टातला दावा एकदाचा निकालात निघावा, तसे आपल्याकडे शिक्षण संपते. ते संपले म्हणून पेढेही वाटले जातात. या वाक्याविरुद्ध माझी तक्रार आहे. आणि सणासुदीच्या दिवसांत तक्रारी करू नयेत हा संकेत मोडून ती मी येथे मांडणार आहे.

तक्रारीला साक्षीदार लागतो. मी एखाद्या थोर गवयाला उभे केले असते, तर वाचकांनी आदराने माना डोलावल्या असत्या आणि पुढच्या क्षणी चकलीकडे हात वळवला असता. थोरांची उदाहरणे पचवण्यात आपण फार तरबेज झालो आहोत. म्हणून मी मुद्दामच असा साक्षीदार निवडला आहे, की ज्याचे नाव काढताच निम्म्या घरांत कपाळाला आठ्या पडाव्यात. हा साक्षीदार म्हणजे हेवी मेटल नावाचे संगीत वाजवणारा गिटारवादक.

हे संगीत ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. विजेवर चालणारी गिटार, तिचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत केलेला. मागे ढोलांचा अखंड मारा. आणि बहुतेक वेळा गाणाऱ्याचा घसा तासणीने तासल्यासारखा. वाजवणाऱ्यांचे सदरे काळे आणि केस लांब. ‘हा काय धिंगाणा!’ असे म्हणून आपण दार लावून घेतो. वाचकहो, हे संगीत तुम्हांला आवडावे असा माझा मुळीच आग्रह नाही. मला स्वतःलाही त्यातले सगळे रुचते असे नाही. माझा वाद आवडीनिवडीचा नाही, शिकण्याचा आहे. आणि त्या बाबतीत या काळ्या सदऱ्यांकडून आपल्या पांढऱ्या सदऱ्यांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

या संगीताचा जन्मच एका अपघातातून आणि त्यावर मात करण्याच्या जिद्दीतून झाला. टोनी आयोमी हा इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा एक कामगार मुलगा. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांत ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांना असले यंत्र काय करू शकते ते मी सांगायला नको. मुलगा डावखुरा, म्हणजे गिटारीच्या पडद्यांवर तारा दाबायचा हात नेमका तोच. सर्वांनी सांगितले, की आता वाजवणे विसर. तेव्हा कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली. त्या वादकाची दोन बोटे १९२८ साली आगीत जायबंदी झाली होती आणि तरी तो तसा वाजवीत होता. आयोमीने मग प्लास्टिकची एक बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटवले, हलक्या तारा बसवल्या, आणि जे हाताला येत होते ते पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतले. पुढे तारा सैल करून त्याने स्वर खाली उतरवला. त्यातून जो जड, खोल नाद निघाला त्यावरच हे सगळे संगीत उभे आहे. १९७० साली त्याच्या ‘ब्लॅक सॅबाथ’ या जथ्याची पहिली तबकडी निघाली. आणि जुलै २०२५ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, आपल्याच गावात जथ्याच्या अखेरच्या मैफलीत तो वाजवीत होता.

आपल्याकडे असे उदाहरण नाही काय? आहे, आणि घरचेच आहे. अल्लादियाखाँसाहेबांचा तरुणपणीचा आवाज अतिगाण्याने गेला. तो परत आला, पण पूर्वीसारखा आला नाही. मग जो आवाज उरला त्याला साजेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि ती जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून आपण डोक्यावर घेतली. कोल्हापूरचे खाँसाहेब आणि बर्मिंगहॅमचा पत्रेकामगार यांना एका वाक्यात बसवलेले पाहून काही रसिकांचा संताप होईल, याची मला कल्पना आहे. परंतु दोघांनी केले ते एकच. जे गेले त्याचे रडगाणे न गाता, जे उरले त्याचे शिक्षण त्यांनी नव्याने सुरू केले.

आता या वादकाचे रोजचे काम काय असते ते पाहा. तो मेट्रोनोम लावतो. हे यंत्र म्हणजे न थकणारा, न रागावणारा आणि कधीही न चुकणारा तबलजी. मिनिटाला साठ ठोके आणि एका ठोक्यात चार स्वर, म्हणजे सेकंदाला चार. हे स्वच्छ येईपर्यंत पुढे जायचे नाही. स्वच्छ आले की चार-पाच ठोके वाढवायचे. असे करीत करीत मिनिटाला एकशेऐंशी ठोक्यांवर पोचला, की सेकंदाला बारा स्वर होतात. साठापासून एकशेऐंशीपर्यंतच्या या वाटेवर वर्षे जातात. आणि वेग हा त्यातला सोपा भाग. या गिटारीचा आवाज विजेने इतका फुगवलेला असतो, की नको त्या तारेला बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी ती गर्जून उठते. म्हणून जी तार वाजवायची नाही ती गप्प ठेवणे हे यातले निम्मे काम. एका हाताचा तळवा तारांवर टेकवायचा, दुसऱ्या हाताची रिकामी बोटे आडवी ठेवायची आणि मधून पाहिजे तोच स्वर काढायचा. आपल्याला जो गोंगाट ऐकू येतो, तो अशा गप्प ठेवलेल्या तारांवर उभा असतो. गवई पहाटे खर्ज लावतो, पलटे घोटतो, बरोबरीची लय मुरल्यावाचून दुगुनीला हात घालीत नाही. यात आणि त्यात मला तरी फरक दिसत नाही. फरक असलाच तर एवढाच, की एकाला आपण ‘रियाज’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘कटकट’.

पण माझा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. नाव झाल्यावर माणूस काय करतो, ही शिक्षणाची खरी परीक्षा. रँडी ऱ्होड्स नावाचा वादक १९८० च्या सुमारास जगभर गाजत होता. दौऱ्यावर असताना ज्या गावी मुक्काम पडे, त्या गावी तो अभिजात गिटार शिकवणारा शिक्षक शोधून काढी आणि त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसे. रात्री हजारो लोक त्याच्या नावाने ओरडत, आणि दिवसा तो कुणा अनोळखी मास्तरांकडून चुका दुरुस्त करून घेई. १९८२ च्या मार्चमध्ये विमानाच्या अपघातात तो गेला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. कर्क हॅमेट हा १९८३ साली ‘मेटॅलिका’ या जथ्यात दाखल झाला. दुसऱ्या कुणाला वाटले असते, आता पोचलो. याने जो सात्रियानी या शिक्षकाची शिकवणी लावली.

केसरबाई केरकर १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या, तेव्हा त्या काही परकर नेसणाऱ्या मुलगी नव्हत्या. तिशीला टेकलेल्या, मैफली गाजवणाऱ्या गायिका होत्या. तरी त्या पहिल्यापासून शिकायला बसल्या आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत शिकत राहिल्या. भास्करबुवा बखले यांनी फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि मग अल्लादियाखाँ असे गुरू केले. शेवटच्यांकडे गेले तेव्हा बुवांचे स्वतःचे नाव झालेले होते. या माणसांना ‘शिक्षण संपलं का?’ असे विचारण्याची कुणाची छाती झाली असती काय? आपल्या परंपरेचा हा गाभा आहे. आणि दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात आपण त्या गाभ्याला टाळ्या देतो. मुलुंडच्या कालिदासात किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात, नव्या साड्या आणि अत्तराचा घमघमाट यांच्यामध्ये बसून, ‘काय तपश्चर्या असेल हो!’ असे आपण म्हणतो. मग घरी येऊन आपल्याच माणसाच्या तपश्चर्येवर दार आपटतो.

हे मी हवेत बोलत नाही. माझा एक भाचा बोरिवलीला राहतो. वय सेहेचाळीस. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, घरी बायको, दोन मुली, म्हातारी आई, म्हणजे माझी ताई. पंधराव्या वर्षी त्याने ही गिटार हातात धरली, ती आजतागायत सोडलेली नाही. रात्री दहाला जेवणे उरकली की कानांना हेडफोन लावून तो दीड तास बसतो. बाहेर ऐकू येते ती फक्त तारांची बारीक टिकटिक. शेजारच्या खोलीतल्या दूरदर्शन संचाचा आवाज त्याहून दसपट मोठा. मैफली तो आता वर्षाकाठी एखादी करतो, तीही मित्रांच्या आग्रहास्तव. दोन वर्षांपूर्वी त्याने तार छेडायची आपली पद्धत मुळापासून बदलली. मी विचारले, ‘‘अरे, तीस वर्षं जे येतं ते कशाला मोडतोस?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, मनगट आखडत होतं आणि मी ते चालवून घेत होतो. चालवून घेतलं की हात तिथंच थांबतो.’’

आता त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, आणि तीन वर्षांसाठी भाड्याच्या लहान घरात जायचे आहे. सामान कमी करायचे ठरले तेव्हा घरातल्या सगळ्यांचे एकाच वस्तूवर एकमत झाले. ताईने मला फोन करून सांगितले, ‘‘तू त्याला समजाव. आता हे वय आहे का? मुलीची दहावी आली. ती गिटार नि ते खोकं विकून टाक म्हणावं.’’ मी समजावले नाही. मी हा लेख लिहायला घेतला. ताईचे जे म्हणणे आहे तेच हजारो घरांचे म्हणणे आहे. म्हणून त्यातले आक्षेप एकेक घेऊन पाहू.

पहिला आक्षेप असा, की हे सगळे परके. परक्या वाद्यांचा आपल्याला केव्हापासून एवढा विटाळ झाला? ज्या पेटीवाचून आपली भजने अडतात ती युरोपातून आली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसएक वर्षे टिकली. पेटी मात्र देवघरातून हलली नाही. व्हायोलिन परकेच, गजाननबुवा जोशांनी ते असे वाजवले, की ते परके आहे हे लोक विसरून गेले. खुद्द गिटार घ्या. ब्रिजभूषण काब्रांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत राग वाजवले. आणि मेटलचेच म्हणाल तर मुंबईतल्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या जथ्याने २०१७ साली जी तबकडी काढली तिचे नाव ‘दशावतार’. विष्णूच्या एकेका अवतारावर एकेक रचना. ‘नव्या पिढीला दहा अवतारांची नावे येत नाहीत’ असे म्हणणाऱ्या आजोबांनी साहिल मखिजा या गायक-गिटारवादकाच्या या जथ्याची चौकशी अवश्य करावी. कोकणात दशावतारी रात्रभर नाचतात, तेव्हा शंकासुराचे आरडणे आपल्याला भीषण वाटत नाही. तेच विजेच्या गिटारीतून आले की संस्कृती बुडते!

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. या शहरात ह्या संगीताला हक्काची जागा होती ती धोबीतलावच्या रंगभवनाची. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा मेळा भरू लागला, त्याची ती पंढरी. आसपास रुग्णालये आणि शाळा, म्हणून तेथे शांतता क्षेत्र झाले आणि मैफली थांबल्या. रुग्णांना झोप हवी, हे मला मान्य आहे. पुढे हा मेळा अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही भरला, म्हणजे आपल्या उपनगरात आला. परंतु सणाच्या मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने थरथरवणाऱ्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढे जे नाचतात, त्यांनी हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या गोंगाटाविषयी बोलू नये. रात्री दहानंतरचा नियम २००० सालापासून सगळ्यांनाच लागू आहे. तो कोण पाळतो, हे एकदा सोसायटीच्या गच्चीवर उभे राहून पाहावे.

तिसरा आक्षेप पोटाचा. ‘यातून मिळतं काय?’ फारसे काही मिळत नाही, हे मी आधीच कबूल करतो. या शहरात १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा जथा निघाला. महेश तिनईकर त्यातले गिटारवादक. १९८८ साली त्यांची पहिली तबकडी आली, पुढे त्यांनी ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले, आणि १९९७ साली जथा मोडला. त्यांचा बाज मेटलहून थोडा सौम्य. पण आपल्या रॉकवाल्यांत त्यांच्याएवढे नाव फार थोड्यांचे झाले. अशांनाही थांबावे लागले, यावरून या धंद्याचा हिशेब समजावा. पण ती माणसे २०१० साली पुन्हा एकत्र आली, आणि सतरा वर्षांच्या खंडानंतर, २०१२ साली, त्यांनी नवी तबकडी काढली. तिचे नाव ‘इव्हॉल्व्ह’, म्हणजे उत्क्रांत व्हा. जुन्या गाण्यांवर उरलेले आयुष्य काढणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी नवे केले. पोटासाठी माणूस नोकरी करतोच. माझा भाचाही करतो. पोट भरल्यावर काय करायचे, या प्रश्नाला मात्र आपल्या वर्गाकडे मालिका आणि मोबाइल यांवाचून उत्तर राहिलेले नाही. हे दारिद्र्य पगारवाढीने जाणारे नव्हे.

चौथा आक्षेप वयाचा, आणि तो मला सर्वांत क्रूर वाटतो. जेसन बेकर हा अमेरिकन वादक विशीत असताना त्याला स्नायू निकामी करणारा असाध्य रोग झाला. हात गेले, मग वाचा गेली. वडिलांनी त्याच्यासाठी डोळ्यांच्या हालचालींची एक लिपी तयार केली. तो डोळ्यांनी अक्षरे दाखवतो आणि स्वर सांगतो. अशा अवस्थेत रचलेल्या संगीताची त्याची तबकडी २०१८ साली निघाली. ज्याला बोट हलवता येत नाही तो शिकणे थांबवीत नाही. आणि आम्ही सेहेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाला विचारतो, ‘आता हे वय आहे का?’

या आक्षेपांच्या मुळाशी काय आहे ते मी सांगतो. शिकणे ही वस्तू आपल्याला फक्त दाखला मिळवण्यापुरती ठाऊक आहे. मूल गाणे शिकते ते परीक्षेसाठी. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, ते मिळाले की तंबोरा माळ्यावर जातो. स्टेशनबाहेर ‘तीन महिन्यांत गिटार शिका’ अशा पाट्या असतात आणि पालक रांग लावतात. वाहिन्यांवरच्या स्पर्धांत आठ वर्षांचे पोर ‘तयार’ म्हणून मिरवले जाते. बाराव्या वर्षी त्याचे काय होते याची चौकशी कुणी करीत नाही. या मुलांना आपण शिकवतो काय? शिकणे हे एक ओझे आहे आणि ते लवकरात लवकर उतरवायचे असते, हे शिकवतो. मग तीच मुले मोठी होऊन ‘आमचं शिक्षण संपलं’ असे अभिमानाने म्हणतात, आणि साठीला निवृत्त झाल्यावर बागेतल्या बाकावर बसून दिवस कसा घालवावा या विवंचनेत पडतात. मी मुलुंडच्या ज्या बागेत फिरायला जातो, तेथे असे बाक रोज भरलेले असतात. माझ्या वयाच्या त्या सज्जनांचे निवृत्तिवेतन चांगले आहे, प्रकृतीही बरी आहे. त्यांना उद्या नवे काही येणार नाही, एवढेच त्यांचे दुखणे.

ताईला नातीच्या दहावीची काळजी आहे. मलाही आहे. म्हणूनच माझे म्हणणे असे, की त्या मुलीच्या घरात रात्री दहा वाजता सेहेचाळीस वर्षांचा बाप मेट्रोनोम लावून चुकतो, थांबतो, पुन्हा साठापासून सुरू करतो, हे दृश्य तिच्या कोणत्याही शिकवणीवर्गाहून मोलाचे आहे. अभ्यास कर, असे तिला सांगणारे पुष्कळ आहेत. अभ्यास करणारा मोठा माणूस तिने फक्त एकच पाहिला आहे, आणि तिच्या देखत त्याचे वाद्य भंगारवाल्याला नाही तरी परक्याला विकायचे घाटते आहे. त्यातून ती कोणता धडा घेईल, हे ठरवायला शिक्षणतज्ज्ञ नको.

जागेची अडचण खरी आहे, ती मी नाकारीत नाही. मुलुंडच्या माझ्या घरात एक कपाट आहे. त्यात गेल्या वीस वर्षांत कुणी न उघडलेल्या पंचवीस दिवाळी अंकांच्या गठ्ठ्या आणि लग्नात आलेले तीन डिनर सेट आहेत. ते मी रिकामे करतो आहे. ते मोठे खोके तिथे राहील. गिटार मात्र त्याच्याजवळच राहिली पाहिजे, कारण ती रोजची आहे. येत्या भाऊबीजेला मी ताईकडे जाणार आहे. ओवाळणी नेहमीची घालीन आणि तिच्याबरोबर हा अंकही ठेवीन. वाचून तिला राग आला तर तो मी ऐकून घेईन. मोठी बहीण आहे, तेवढा तिचा हक्कच आहे. गिटार विकण्याचा मात्र नाही.